मोठ्या इंजिनाचा अर्ज

काही विचारलं की तो आधी पाठ फिरवायचा. मग कमरेला खोचलेलं फडकं काढून हात पुसायचा, हात स्वच्छ असले तरीही, आणि पाठमोराच म्हणायचा, "तुझा काय जाता?"

प्रश्न कुठलाही असू दे. नळाला पाणी आलं का, मुलगा मुंबईहून कधी येणार, ताप उतरला का. उत्तर तेवढंच. एकदा मालवणला निघालेल्या पर्यटकांनी आमच्या वाडीत गाडी थांबवून त्याला बीच कुठे म्हणून विचारलं. दर्या त्याच्या मागेच, माडांतून दिसत होता. "आजच्याक संपलो," म्हणाला आणि घरात गेला.

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. त्याच्याबद्दल सांगताना लोक शेवटी म्हणतात, वरून काटे, आत गरे. मी तसं म्हणणार नाही. मी त्याच्या शेजारी तीसहून जास्त वर्षं काढली. माझ्या अनुभवात आतही काटेच होते.

मी तहसील कचेरीत कारकून होतो. निवृत्तीनंतरही वाडीत कुणाला सरकारकडे काही लिहायचं असलं की माणसं माझ्या ओटीवर येतात. तो कधी आला नाही. मला नावाने हाकही मारत नसे, "कारकुना" म्हणे. तो मालवाहू बोटीवर इंजिनरूममध्ये फिटर होता. वर्षातले नऊ महिने समुद्रावर असायचा आणि ते नऊ महिने वाडीला सुखाचे जायचे. मग तोही निवृत्त झाला.

घरी आल्यावर दुसऱ्या वर्षी त्याने ती गाडी आणली. कुडाळहून टेम्पोत घालून, दोरखंडाने बांधून. दोन दारांची, गोल दिव्यांची, विलायती बांधणीची छोटी गाडी. पन्नाससाठ वर्षांपूर्वी डॉक्टर-वकिलांकडे अशा गाड्या असायच्या. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कंपनीचा काही दोष नाही. पत्रा गंजून जाळी झालेला, सीटमध्ये उंदरांनी संसार मांडलेला. कुडाळच्या भंगारवाल्याकडे ती जामसंड्याहून आली होती, एवढं टेम्पोवाल्याने सांगितलं. मी कुंपणापाशी जाऊन विचारलं, ही कशाला आणली. उत्तर तुम्हाला माहीत आहे.

आठ महिने तो त्या गाडीला लागला. इंजिन उघडून एकेक भाग रॉकेलमध्ये धुतला, सुटे भाग कुठून कुठून मागवले, जे मिळाले नाहीत ते घरी लेथवर बनवले. आणि एका सकाळी ते इंजिन सुरू झालं. मला यंत्रातलं काही कळत नाही, पण ओटीवर पेपर वाचत होतो तो खाली ठेवला. शिवणयंत्र चालावं तसा एकसारखा, हलका आवाज. कुठे खोकला नाही, धूर नाही. तो बॉनेटवर हात ठेवून उभा होता. मी त्याला तसं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मीही जरा वेळ बघत राहिलो. त्याने मला पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी तो बायकोला घेऊन त्या गाडीतून कुठेतरी गेला. मागच्या सीटवर गोण्या भरलेल्या होत्या. दुपारी परत आला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर बॉनेट काढून भिंतीला टेकवलेलं आणि हा ते चांगलं चालतं इंजिन बाहेर काढायच्या तयारीत.

त्यावरून आमचं पहिलं मोठं भांडण झालं. माझ्या फणसाची एक जाड फांदी त्याच्या खळ्यावर, म्हणजे अंगणावर, गेलेली होती. न विचारता त्याने तिला साखळीची कप्पी लावली आणि इंजिन वर उचललं. मी ओरडत गेलो. म्हणाला, "माझ्या खळ्यात इली ती फांदी माझी." दुसऱ्या दिवशी मी माणूस बोलावून ती फांदी बुंध्यापासून तोडून टाकली. त्या फांदीला दर वर्षी तीसचाळीस फणस लागायचे. माझी बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्याने लोखंडी पाइपांची तिकटी उभी केली आणि काम पुढे चालू ठेवलं.

कुडाळहून त्याने अपघातातल्या एका मोठ्या गाडीचं इंजिन आणलं. जुन्यापेक्षा दीडपट मोठं. ते त्या छोट्या गाडीत मावेना. मग त्याने कापाकापी सुरू केली. मधला पत्रा कापला, रेडिएटर पुढे सरकवला, इंजिन टेकायचे लोखंडी पाय नव्याने वेल्डिंग करून बनवले. जुन्या गिअरबॉक्सची भोकं नव्या इंजिनाशी जुळेनात, तेव्हा बोटभर जाडीची पोलादी तबकडी महिनाभर कानशीने घासून बसवली. हे सगळं मला कुंपणापलीकडून दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. सकाळी सातला ग्राइंडर सुरू व्हायचा तो दुपारच्या जेवणापर्यंत. माझ्या बायकोचं डोकं त्या काळात दुखायचं. मी दोनदा सांगायला गेलो, दोनदा पाठ पाहून आलो.

तेव्हा मी तक्रार लिहिली. गाडीचं इंजिन परवानगीशिवाय बदलणं बेकायदा आहे, हे मला कचेरीतल्या ओळखीमुळे माहीत होतं. परिवहन कार्यालयाला पत्र पाठवलं. खाली नाव घातलं नाही. हे सांगायला मला आज बरं वाटत नाही, पण तेव्हा पाकीट पेटीत टाकताना छान वाटलं होतं.

निरीक्षक आले. सभ्य माणूस. त्यांनी गाडी पाहिली, आधी परवानगी घ्या, तोवर काम थांबवा, असं लेखी दिलं आणि गेले. तो सरळ माझ्या कुंपणापाशी आला. या वेळी पाठ फिरवली नाही.

"नाव घालूक नाय," तो म्हणाला, "पण 'उपरोक्त' घातलंस. ह्या गावात 'उपरोक्त' दुसरो कोण लिवता?"

मी ओटीवरचा पेपर उचलून घरात गेलो.

त्यानंतर महिनाभर त्याच्या खळ्यात शांतता होती. गाडी ताडपत्रीखाली. मी जिंकलो होतो, पण शेजारचं घर इतकं गप्प झालं की ओटीवर बसवेना. एके दिवशी तो देवगडला गेलेला पाहून त्याची बायको आमच्याकडे आली. इतक्या वर्षांत वहिनी दोनतीनदा आली असेल, तीही हळदीकुंकवाला. त्या दिवशी ती खुर्चीत बसलीसुद्धा नाही. दाराशी उभी राहूनच तिने सगळं सांगितलं.

ती गाडी जामसंड्याच्या एका डॉक्टरांची. तिचा सासरा, म्हणजे याचा बाप, त्यांच्याकडे ड्रायव्हर होता. डॉक्टरांचं घर चढावर. हा नऊ वर्षांचा असताना एका दुपारी, भर पावसात, बाप डॉक्टरांच्या घरच्या पाच माणसांना घेऊन चढ चढत होता. वर भाताच्या दोन गोण्या. हा बापाला डबा द्यायला गेलेला, तो चढाच्या कडेला उभा. अर्ध्या चढावर गाडी बंद पडली आणि मागे मागे येत चिरेबंदी कठड्यावर आदळली. कुणाला फार लागलं नाही. पण डॉक्टर घरातून धावत आले आणि सगळ्यांसमोर त्यांनी बापाच्या कानाखाली मारली. म्हणाले, दारू पिऊन गाडी चालवतोस. बापाने टोपी काढून हातात धरली आणि एक शब्द बोलला नाही. नोकरी गेली. दारुडा म्हटल्यावर पुन्हा कुणी त्याच्या हातात गाडी दिली नाही. मरेपर्यंत दुसऱ्यांच्या कलमांच्या बागांत आंब्याच्या पेट्या वाहिल्या.

"हेंचा म्हणणा एकच," वहिनी म्हणाली. "बापूस पियत नाय होतो. इंजिन बारीक, भार जास्त, म्हणान गाडी बंद पडली."

त्यासाठी त्याने गाडी शोधली होती. त्यासाठी ते जुनं इंजिन आठ महिने खपून जसंच्या तसं केलं. त्या सकाळी पाच माणसं आणि दोन गोण्या यांच्या वजनाएवढी रेती भातगिरणीवर मोजून घेतली, मागे भरली, आणि त्याच चढावर गेला. गाडी अर्ध्यावर बंद पडणार, बायकोसमोर पडणार, आणि मग तो गावाला सांगणार.

"मगे?" मी विचारलं.

"चढली, भावजी. एकदाय थांबूक नाय. हेंनी परत खाली नेली, परत चढवली. तीन वेळा. तीनय वेळा चढली."

तिने त्याला समजावलं होतं, तेव्हा पाऊस होता, आता रस्ता सुका आहे, तेव्हाचं इंजिन झिजलेलं असेल. त्यावर तो एवढंच म्हणाला की इंजिनाला पाऊस लागत नाही. परतीच्या वाटेवर त्याने सगळी रेती रस्त्याकडेला ओतली आणि दुसऱ्या दिवशी इंजिन उतरवायला घेतलं. का, हे तिने विचारलं नाही. तिला कळलं होतं. ते इंजिन गाडीत होतं तोवर बाप दारुडा ठरत होता.

वहिनीला माझ्याकडून काय हवं होतं, हे तिने सांगितलं नाही. पदर सावरून गेली. मी त्या दिवशी जेवलो नाही. बायकोला वाटलं, पित्त झालं.

तिसऱ्या दिवशी तो आला. माझ्या ओटीवर, एकतीस वर्षांत पहिल्यांदा. हातात कोरे कागद. बसला नाही.

"अर्ज लिव."

"कसलो?"

"कंप्लेन लिवताना माका इचारलंस?"

मी चष्मा लावला. इंजिन बदलण्याच्या परवानगीचा अर्ज. गाडीचा क्रमांक, जुन्या इंजिनाचा क्रमांक, नव्याचा क्रमांक, सगळं त्याला तोंडपाठ होतं. मग कारण आलं. मी पेन थांबवून त्याच्याकडे पाहिलं.

"मूळ इंजिन चढ चढणा नाय," तो म्हणाला. "पुरो भार घेवन चढणा नाय. तसा लिव."

खोटे अर्ज मी आयुष्यात पुष्कळ लिहिले होते. रजेसाठी लोकांच्या मेलेल्या आज्या पुन्हा मारल्या होत्या. पण हे खोटं तसं नव्हतं. मला ठाऊक होतं की गाडी चढली आहे. मी म्हटलं असतं, 'तीन वेळा चढली ना?' तर तो तिथल्या तिथे मोडला असता. आणि खरं सांगतो, तसं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. 'कारकुना' ऐकून एकतीस वर्षांचं साठलं होतं.

मी लिहिलं: 'उपरोक्त वाहनाचे मूळ इंजिन पूर्ण भारासह तीव्र चढ चढण्यास असमर्थ आहे.'

त्याने कागद घेतला आणि बोट ठेवत वाचला. बोट एका शब्दावर थांबलं.

"असमर्थ म्हणजे?"

"अंगात ताकद नाय."

"म्हणजे चूक इंजिनाची?"

"इंजिनाची."

"चलवणाऱ्याची नाय."

"नाय," मी म्हटलं.

त्याने कागदाची घडी केली, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली आणि निघून गेला. आभार वगैरे काही नाही. जाताना माझ्या पायरीवर थुंकला नाही, हेच काय ते.

परवानगी यायला चार महिने लागले. आली त्या दिवसापासून ग्राइंडर पुन्हा सकाळी सातला सुरू. मी बायकोला सकाळी देवळात जायची सवय लावली. इंजिन बसलं, तशी पुढच्या चाकांवर गाडी नाक टेकल्यासारखी वाकली. त्याने जाड स्प्रिंग घातल्या. तपासणीला नेली तर ब्रेक अपुरे म्हणून परत पाठवली. गावाला वाटलं, हा आता तिथे तमाशा करून येणार. पण तो गप्प परत आला आणि महिनाभरात चारही चाकांचे ब्रेक बदलले. दुसऱ्या खेपेला गाडी पास झाली. नोंदणीच्या पुस्तकात नवं इंजिन चढलं आणि माझ्या अर्जाची मंजूर, गोल शिक्क्याची प्रत त्याला मिळाली. ती प्रत त्याला गाडीपेक्षा महत्त्वाची होती. वहिनी म्हणाली, प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या फडताळात ठेवली.

एका रविवारी त्याने कुंपणापलीकडून हाक मारली. "कारकुना. चल. साक्षीदार होयो."

का गेलो, मला सांगता येत नाही. कपडे बदलले आणि गेलो. रस्ता पन्नासेक किलोमीटरचा. मोठ्या इंजिनाचा आवाज जुन्यासारखा गोड नव्हता. गुरगुरत चालली होती गाडी, पुढे कुणी आलं तर चावेल अशी. जामसंड्याला तो चढ आला. मला वाटलं होतं, केवढा असेल. आपल्याकडे असतात तसाच, एका वळणाचा. गाडी तो चढ खेळल्यासारखी चढली. वर डॉक्टरांचं घर.

डॉक्टर कधीच गेले होते. त्यांचे ऐंशीच्या पुढचे चिरंजीव पडवीत वेताच्या खुर्चीत बसले होते. गाडी पाहून त्यांचे डोळे उजळले. उठायचा प्रयत्न करू लागले. म्हणाले, अरे, ही तर आमची. किती छान ठेवलीत.

तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. बापाचं नाव सांगितलं, ड्रायव्हर होता म्हणाला, तो पावसातला दिवस सांगितला, कानाखालचा आवाज सांगितला. मग पिशवीतून कागद काढून त्यांच्या हातात दिला. तो कचेरीत बोलावं तशी शुद्ध मराठी बोलत होता. ती मी त्याच्या तोंडून प्रथमच ऐकत होतो.

म्हाताऱ्यांनी भिंग लावून कागद दोनदा वाचला.

"असं कसं लिहिलंय?" ते म्हणाले. "चढायची की. कॉलेजात असताना मीच चढवायचो." मग त्याच्याकडे बघत राहिले. "आणि ड्रायव्हर आमच्याकडे बरेच झाले हो. तुमचे वडील त्यातले कुठले?"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. तो मारामारीच्या तयारीने आला होता, आणि समोर कुणी नव्हतंच. म्हाताऱ्यांनी चहाचं विचारलं. त्याने कागद त्यांच्या हातातून हळूच काढून घेतला, तीच घडी घातली आणि गाडीत येऊन बसला.

परत येताना आचऱ्याच्या अलीकडे मला राहवलं नाही. एकतीस वर्षांत त्याच्याशी चांगलं बोललो नव्हतो, तेव्हा कसं बोलायचं तेही नीट येत नव्हतं. मी म्हटलं, "तेंका काय आठवता? सरकारी शिक्को आसा त्या कागदार. पाऊस होतो त्या दिवशी, गाडी घसारतलीच."

त्याने गाडी बाजूला घेतली. दोन्ही हात चाकावर.

"पाऊस होतो, ता तुका कोणी सांगल्यान?"

नंतर माझ्या लक्षात आलं की पडवीत पाऊस त्यानेच सांगितला होता, मी तसं म्हणू शकलो असतो. पण पावसाची ही सबब वहिनीची होती, ती त्याने ओळखली, आणि माझा चेहरा आधीच बोलून गेला होता. वहिनीने सांगितलेलं सगळं त्यावर लिहिलेलं असणार. अर्ज लिहिताना मला खरं माहीत होतं आणि मी दया म्हणून खोटं लिहिलं, हे त्याला त्या क्षणी कळलं.

"उतर," तो म्हणाला.

मी उतरलो. गाडी गुरगुरत गेली. मी एसटीची वाट पाहत दीड तास उन्हात उभा होतो.

त्यानंतर तो दीड वर्ष जगला. माझ्याशी बोलला नाही. 'कारकुना'सुद्धा नाही. वहिनीशी तो त्यावरून काय बोलला असेल ते मी कधी विचारलं नाही; तीही आमच्याकडे पुन्हा आली नाही. गाडी तो आठवड्यातून एकदा मालवणच्या बाजारापर्यंत न्यायचा, मासे घेऊन यायचा. मी ओटीवर असलो तर माझ्या दाराशी गिअर बदलायचा, मुद्दाम, दणका ऐकू येईल असा. मलाही त्याची चीड यायची. आणि ज्या आठवड्यात तो दणका ऐकू आला नाही, त्या आठवड्यात मी उठून कुंपणापर्यंत जाऊन आलो, हेही लिहून ठेवतो. ताडपत्री घातलेली होती. तो झोपेतच गेला होता.

दहाव्याला खाडीच्या काठावर आम्ही सातआठ जण होतो. पिंड ठेवला. कावळे समोरच्या भेंडीच्या झाडावर भरपूर होते, पण एकही खाली उतरेना. मुलाने हात जोडून सांगितलं, आईला मी सांभाळीन. कावळे बसून राहिले. गाडी विकणार नाही, म्हणाला. काही नाही. भटजी म्हणाले, आणखी कुणाला काही बोलायचं असेल तर बोला. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. त्याच्याशी बोलायची कुणाला सवयच नव्हती.

मी पुढे झालो. चपला काढल्या, हात जोडले. लोकांना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हटलं, "तुझो बापूस पियत नाय होतो. ह्या मी अर्जासाठी सांगणा नाय."

एक कावळा खाली आला. पिंडाभोवती दोन पावलं टाकली, मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं, आणि उडून पुन्हा फांदीवर जाऊन बसला.

अर्ध्या तासाने भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. ऊन चढलं होतं. सगळे घरी निघाले, मीही चपला घातल्या. शेवटपर्यंत त्याने माझं ऐकलं नाही.